जपानी किल्ल्याचे गाव पाहताना मनोरा शेवटी चढावा

प्रति,
संपादक

महोदय,

चेरीच्या बहराच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या जपान सहलींच्या जाहिराती आता साताऱ्यातही झळकू लागल्या आहेत. बहुतेक सहलींत एखादा तरी किल्ला असतो आणि त्याच्या वाट्याला दीड-दोन तास येतात. बस दारापर्यंत नेते, माणसे जिने चढतात, वरून फोटो काढतात, खाली येऊन आईस्क्रीम खातात आणि पुढच्या गावाला निघतात. परत आल्यावर सांगतात, "बाहेरून देखणा आहे हो, पण आत काहीच नाही." ही तक्रार खरी आहे. आत काही नसतेच, कारण तिथे कधीच काही नव्हते. जपानी किल्ल्याचा उंच मनोरा हे राहण्याचे ठिकाण नव्हते. सरदार खाली वाड्यात राहायचा. मनोरा होता टेहळणीसाठी, कोठारासाठी, दरारा बसावा म्हणून आणि सगळे हातचे गेले तर शेवटच्या आसऱ्यासाठी. खरी पाहण्याची वस्तू म्हणजे त्याच्याभोवती आखलेले गाव, आणि सहलीत नेमके तेच वगळले जाते. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या सातारकरांना ही आखणी इतर कुणाहीपेक्षा लवकर उमगेल, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. कात्री लावावीच लागली तर मात्सुए गावाचा भाग तेवढा राखावा, ही विनंती.

ही गावे बहुतांशी सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या सुरुवातीस वसली. त्याआधीचे किल्ले डोंगरांवर होते. बंदुका आल्या, व्यापार वाढला, नदी-समुद्राच्या वाटेने माल फिरू लागला, तसे सरदार डोंगर सोडून सपाटीवरच्या बुटक्या टेकडीवर उतरले. १६१५ साली तोकुगावा राजवटीने एका संस्थानात एकच किल्ला ठेवण्याचा हुकूम काढला. बाकीचे पाडले गेले आणि त्या मुलखातले योद्धे, व्यापारी, कारागीर, देवळे असे सगळे त्या एका किल्ल्याभोवती गोळा झाले. राजवट गेल्यावर नव्या सरकारने १८७३ मध्ये किल्ले मोडीत काढायचा आदेश दिला आणि लाकूड-लोखंडाच्या भावाने मनोरे विकले गेले. उरल्यासुरल्यांतले काही दुसऱ्या महायुद्धात जळाले. आज सरंजामी काळापासून टिकलेले मनोरे फक्त १२ आहेत. त्यांतले हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, हिकोने आणि मात्सुए हे पाच राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाले आहेत.

सहल निवडताना हा आकडा ध्यानात ठेवावा. ओसाकाचा मनोरा १९३१ चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट. नागोयाचा १९४५ च्या बॉम्बफेकीत जळाला, १९५९ मध्ये काँक्रीटमध्ये उभा राहिला आणि भूकंपात टिकेल की नाही या शंकेने २०१८ पासून आत जाणे बंद आहे. शेजारचा राजवाडा मात्र लाकडात पुन्हा उभारला आहे, तो जरूर पाहावा. काँक्रीटचे मनोरे टाकाऊ आहेत असे नाही. आतली संग्रहालये चांगली असतात आणि गुडघे दुखणाऱ्यांना लिफ्ट म्हणजे वरदानच. पण जुना किल्ला पाहिला असे समजून परत येऊ नये, एवढेच.

उलट बाजूही आहे. हिमेजीचा १६०९ मध्ये पूर्ण झालेला पांढरा किल्ला जपानात सर्वांत भव्य, पण भोवतीचे शहर १९४५ मध्ये हवाई हल्ल्यात जळाले. किल्ला वाचला, गाव गेले. हागीत नेमके उलटे घडले. मनोरा १८७४ मध्ये पाडला, जोते तेवढे राहिले. पण मोरी घराण्याने १६०४ पासून वसवलेल्या गल्ल्या, मातीच्या भिंती आणि योद्ध्यांची घरे इतकी शाबूत आहेत की जुना नकाशा हातात घेऊन आजही वाट सापडते. भिंतींवरून डोकावणारी मोसंबीसारखी फळे दिसतात, तीही इतिहासाचाच भाग आहेत: राजवट बदलल्यावर तनखा बंद झालेल्या योद्ध्यांना उत्पन्न मिळावे म्हणून ही झाडे लावली गेली. हागी सायकलवरून पाहावे, गाव सपाट आहे. कानाझावात मनोरा नाहीच. १६०२ मध्ये वीज पडून जळाला तो पुन्हा बांधला नाही. पण योद्ध्यांची वस्ती, चहागृहांची गल्ली, देवळांची रांग असे सगळे मिळते आणि बुलेट ट्रेन दारात येते. मनोरा आणि गाव दोन्ही एकाच ठिकाणी, फार गर्दी नसताना पाहायचे असतील तर आमची शिफारस मात्सुएची.

मात्सुए आहे जपानच्या पश्चिम भागात, समुद्राच्या बाजूला, शिंजी नावाच्या सरोवराच्या काठी. होरिओ योशिहारु या सरदाराला हा मुलूख मिळाला तेव्हा राजधानी डोंगरात आत, गास्सान-तोदाच्या किल्ल्यावर होती. जागा अभेद्य, पण भोवती डोंगर, पाणवाटा दूर, गाव वाढवायला सपाटी नाही. म्हणून सरोवराकाठची जेमतेम ३० मीटर उंचीची टेकडी निवडली आणि १६०७ ते १६११ मध्ये किल्ला बांधला. अजिंक्यताऱ्यावरून खाली उतरून शाहू महाराजांनी पायथ्याशी शहर वाढवले, ती गरज आणि ही गरज एकच. फरक इतकाच की आपल्याकडे गड वर राहिला आणि गाव खाली आले. तिकडे सरदाराने गडच खाली आणला.

आता पाहण्याचा क्रम. हल्ला करायला आलेल्या शत्रूच्या वाटेने, म्हणजे बाहेरून आत चालत जावे. रेल्वे स्टेशन आपसूकच योग्य जागी आहे. अशा गावांत रेल्वे पोहोचली तोवर मधली वस्ती दाट झालेली होती, म्हणून स्टेशने बहुधा जुन्या गावाच्या कडेला पडली. मात्सुएत स्टेशन ओहाशी नदीच्या दक्षिणेला, तर किल्ला उत्तरेला सुमारे दोन किलोमीटरवर. टॅक्सी करू नये. सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकावे आणि चालू लागावे. मोठ्या बॅगा मोठ्या लॉकरमध्येच मावतात आणि ते आधी भरतात, म्हणून हे काम सकाळीच उरकावे.

स्टेशनच्या पश्चिमेला लगेच देवळांचा मोहल्ला लागतो. एकापाठोपाठ एक बौद्ध देवळे पाहून गाव फार धार्मिक असावे असे वाटते. हिशेब वेगळा होता. देवळाला मोठे आवार, जाड भिंत, भक्कम छप्पर. प्रसंग पडला तर सैन्य उतरवायला तयार ठाणे. म्हणून किल्ल्याच्या गावांत देवळांची रांग मुद्दाम बाहेरच्या कडेला, शत्रू येईल त्या बाजूला लावत. ती ओलांडली की व्यापाऱ्यांची वस्ती आणि मग नदीवरचा मोठा पूल. नदी म्हणजे फुकटचा खंदक. तिच्या पलीकडे पुन्हा व्यापारी पेठ, तिथून कालवा, आणि त्यापलीकडे योद्ध्यांची वस्ती. जितका हुद्दा मोठा तितके घर किल्ल्याजवळ. सर्वांत खालचे पायदळ गावाच्या कडेला. आपल्या पेठा वारांच्या आणि माणसांच्या नावाच्या, त्यांच्या बऱ्याचशा धंद्यांच्या: लोहार, सुतार, रंगारी, बंदूक बनवणारे, घोड्यांचे दलाल. १९६२ च्या पत्त्यांच्या कायद्याने जपानात अशी कितीतरी जुनी नावे पुसली गेली. कानाझावाने १९९९ पासून ती एकेक करून परत आणायला सुरुवात केली. यादोगोपाळ पेठ आणि चिमणपुरा अजून रोजच्या पत्त्यात लिहिणाऱ्या साताऱ्याने स्वतःला सुदैवी समजायला हरकत नाही.

किल्ल्याजवळ आल्यावर रस्ता कसा वळतो ते पाहावे. सरळ चाललेला रस्ता अचानक काटकोनात वळतो, दहा-वीस पावलांवर पुन्हा उलटा वळतो. चौक म्हणावा तर चार रस्ते समोरासमोर भिडतच नाहीत. घोडदळाला सुसाट येता येऊ नये आणि पुढच्या वळणाआड काय आहे ते दिसू नये, यासाठी ही वाकडी आखणी. मात्सुएत ती तोनोमाची भागात अजून दिसते. एक व्यावहारिक अडचण: मोबाईलवरचा नकाशा सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, तो हमखास नवा रुंद रस्ता असतो. त्याच्या मागे गेलात तर किल्ला दहा मिनिटांनी आधी गाठाल आणि गाव चुकवाल. उपाय असा, की थेट किल्ला न टाकता मधले एकेक ठिकाण टाकावे: आधी देवळांचा मोहल्ला, मग पूल, मग मात्सुए इतिहास संग्रहालय.

२०११ मध्ये उघडलेले हे संग्रहालय खंदकाच्या पूर्वेला, जिथे मोठ्या कारभाऱ्यांचे वाडे होते तिथेच आहे. बरेच जण ते शेवटी ठेवतात आणि मग वेळ उरत नाही. ते आधी पाहावे. पाणथळ जमीन कशी भरली, खंदक कुठून काढला, कोणाची घरे कुठे होती हे कळल्यावर पुढची दोन तासांची चाल पूर्ण वेगळी होते. जपानमधली संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बऱ्याचदा सोमवारी. सोमवारी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. मुक्काम ठरवतानाच तेवढे तपासून घ्यावे.

मुख्य प्रवेशाशी आलात की आपल्या माणसाने थबकावे. समोर सुमारे ४६ मीटर बाजूचे चौकोनी मैदान, तिन्ही बाजूंना दगडी तट आणि दरवाजाची जागा समोर नाही, बाजूला. दरवाजा आता नाही, पण रचना स्पष्ट आहे. बाहेरच्या दारातून आत शिरलेला शत्रू या चौकात कोंडला जायचा, काटकोनात वळताना त्याची बाजू उघडी पडायची आणि तिन्ही तटांवरून मारा व्हायचा. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणी ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. आपण दोन बुरुजांच्या कवेत वाट वळवली, त्यांनी चौकोनी पेटीत वळवली. शांततेच्या काळात याच मैदानात घोडे आणि शिपाई जमवत.

पुढे तट. जपानी तटबंदी वाचायला सोपी आहे, तीन प्रकार ओळखता आले की पुरे. पहिला, न घडवलेले दगड जसेच्या तसे रचलेले, मधल्या फटींत चिपा. दुसरा, दगडांच्या कडा ठोकून जवळ बसवलेले, फटी कमी. तिसरा, पूर्ण घडीव, सांध्यात सुरीचे पातेही शिरणार नाही असे. साधारणपणे पहिला जुना आणि तिसरा नवा, पण एकाच किल्ल्यात तिन्ही सापडतात, कारण डागडुजी दोनशे वर्षे चालू असे. कोपऱ्याकडे खास पाहावे: लांब दगड एकदा इकडे, एकदा तिकडे अशा आळीपाळीने रचलेले असतात. कोपरा सुटला की सगळी भिंत सुटते, म्हणून चांगला दगड तिथे वापरत. मात्सुएच्या दगडांवर होरिओ घराण्याची तराजूतल्या वजनाच्या आकाराची खूण कोरलेली सापडते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात ती चटकन दिसते, भर दुपारी शोधून डोळे दुखतात.

ही बांधणी कोरडी आहे, चुना नाही. दर्शनी दगडांच्या मागे लहान गोट्यांचा जाड थर असतो आणि तटाचे आयुष्य त्यावर अवलंबून. पावसाचे पाणी गोट्यांतून खाली झिरपून निघून जाते. त्यांत माती भरली, मुळे शिरली की पाणी अडते, मागची माती फुगते आणि भिंतीला पोट सुटते. असे पोट सुटलेले भाग कुंपण घालून बंद केलेले दिसतील. तिथे टेकू नये, फोटोसाठी चढू नये. २०१६ च्या भूकंपात कुमामोतोचे तट कोसळले. मनोरा २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला, पण संपूर्ण दुरुस्ती २०५२ पर्यंत चालणार आहे. इतका काळ लागतो, कारण पडलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन, जुन्या फोटोंशी ताडून, तो होता त्याच जागी बसवतात. आपल्याकडे तटात उंबर-पिंपळ रुजतो तेव्हा वरून फांद्या छाटून काम भागवले जाते. मूळ आतच राहते आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटते. प्रतापगडासह मराठ्यांचे १२ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा झाले आहेत. दगडांना क्रमांक देण्याची ही शिस्त तरी उचलायला हवी.

इतके झाल्यावर मनोरा चढावा. काळ्या फळ्यांनी मढवलेला मात्सुएचा मनोरा जोत्यासह सुमारे ३० मीटर उंच, आत पाच मजले आणि एक तळघर. प्रवेश थेट नाही, पुढे जोडलेल्या बुटक्या बुरुजातून आहे. आत शिरताच मागे वळून वर बघा: मुख्य मनोऱ्याच्या भिंतीतल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोके, बाहेर नव्हे, या बुरुजाच्या आत रोखलेल्या आहेत. शत्रू इथवर घुसला तरी त्याला टिपायची सोय. तळघरात विहीर आणि मिठाचा साठा, म्हणजे वेढ्याची तयारी.

खांब नीट न्याहाळावेत. पुष्कळ खांबांना बाहेरून फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळले आहे. त्या काळी देशभर किल्ल्यांची बांधकामे चालू होती, लांब आणि जाड लाकूड मिळणे मुश्कील होते. म्हणून तळापासून शेंड्यापर्यंत एकच खांब न लावता दोन-दोन मजले उंचीचे खांब आळीपाळीने मांडले आणि वरचा भार बाजूला सरकवत खाली आणला. हा मनोरा पूर्ण कधी झाला याचा लेखी पुरावा कित्येक वर्षे हाती नव्हता. २०१२ मध्ये किल्ल्यातल्या देवळात १६११ साल लिहिलेल्या दोन प्रार्थना-पाट्या सापडल्या आणि त्यांवरची खिळ्यांची भोके तळघरातल्या खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली. त्यानंतर २०१५ मध्ये मनोरा राष्ट्रीय ठेवा ठरला. तोच मनोरा १८७५ मध्ये १८० येनला लिलावात निघाला होता. गावच्या एका सधन शेतकऱ्याने आणि एका माजी योद्ध्याने पैसे जमवून तो सोडवला.

जिने हा खरा प्रश्न. जुन्या मनोऱ्यांतले जिने म्हणजे जवळपास शिड्याच. मात्सुमोतोत सर्वांत उभा जिना ६१ अंशांचा आहे. बूट दारातच काढावे लागतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात घ्यावे लागतात, म्हणजे एक हात गुंतला. नायलॉनचे मोजे गुळगुळीत लाकडावर सटकतात. सुती जाड मोजे घालावेत. हिवाळ्यात ती जमीन बर्फासारखी लागते, तेव्हा तर दोन जोड. खांद्याची पिशवी पुढे आली की पायरी दिसत नाही, पाठीवरची बरी. उतरताना जिन्याकडे तोंड करून, दोन्ही कठडे धरून, शिडी उतरतो तसे उतरावे. घसरतात ते तोंड बाहेर करून उतरणारे. साडीचा आग्रह असेल तर नऊवारी परवडेल, पाचवारी नको. आत शौचालय नाही, लिफ्ट नाही, एसी नाही, आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी थांबतो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी तळघर आणि पहिला मजला पाहून परतावे, बांधणीतले निम्मे मर्म तिथेच आहे. वरच्या मजल्यावर चारही बाजू उघड्या आहेत. तिथून मागे वळून आपण आलो ती वाट शोधावी: स्टेशन, देवळे, नदी, पूल, कालवा, वळण. आधी गाव चालून आलेल्याला हे दृश्य नकाशासारखे उलगडते. बसने आलेल्याला नुसती छपरे दिसतात.

उत्तरेच्या बाजूने उतरले की शिओमी नावाते ही खंदकाकाठची सुमारे ५०० मीटरची गल्ली. एका बाजूला जुनी देवदारासारखी झाडे आणि पाणी, दुसऱ्या बाजूला योद्ध्यांची घरे. हा खंदक मुळात टेकडी कापून काढला आणि निघालेली माती पाणथळात भरून वस्तीसाठी जमीन केली. एक घर पाहायला खुले आहे. पाहुण्यांच्या पुढच्या खोल्या आणि घरच्यांच्या मागच्या खोल्या यांतला थाटाचा फरक तिथे पाहावा. पुढच्या खोलीतले लाकूड आणि छत उंची, मागे सगळे साधे. गल्लीच्या टोकाशी लाफ्काडिओ हर्न यांचे घर आणि स्मृती संग्रहालय. ग्रीसमध्ये जन्मलेले हर्न १८९० मध्ये इंग्रजी शिकवायला इथे आले, इथल्याच कोइझुमी सेत्सु यांच्याशी संसार थाटला आणि पुढे कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन जपानी नागरिक झाले. घर लहान आहे, पण तीन बाजूंना तीन बागा दिसतील अशा खोलीत बसायला मिळते. शेजारपाजारची घरे मात्र खासगी आहेत, फाटकातून डोकावू नये.

खंदकातली नावेची फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची, ५० मिनिटांची. चार पूल इतके ठेंगणे आहेत की नावेचे छप्परच खाली उतरते आणि सगळ्यांना पुढे वाकावे लागते. सुटण्यापूर्वी एकदा सराव करून घेतात. कंबरेचे दुखणे असलेल्यांनी आधी विचार करावा. हिवाळ्यात नावेत पांघरुणाखाली शेगडीची ऊब असते. वारा जोराचा असला किंवा पाणी चढले तर फेरी बंद होते, कारण पुलाखाली जागाच उरत नाही. म्हणून पावसाचा अंदाज असेल तर नाव आधी, मनोरा नंतर. आमच्या क्रमाला हा एकच अपवाद. या किनाऱ्यावर पाऊस इतका बेभरवशाचा की जेवणाचा डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नये अशी तिथली म्हण आहे. महाबळेश्वरच्या पायथ्याच्या माणसाला ती वेगळी शिकवायला नको.

वेळ उरला तर किल्ल्याच्या पश्चिमेला गेश्शोजी देऊळ. पुढे मात्सुएवर राज्य केलेल्या मात्सुदाइरा घराण्यातल्या पहिल्या नऊ सरदारांच्या समाध्या तिथे आहेत आणि एका अवाढव्य दगडी कासवाच्या पाठीवर शिलालेख उभा आहे. सातवे सरदार हारुसातो उर्फ फुमाई (१७५१–१८१८) यांनी बुडीत खजिना सावरला आणि चहाच्या विधीचे वेड गावाला लावले. त्यामुळे आजही इथे हिरवा चहा आणि मिठाई हे रोजचेच प्रकरण. १७७९ चे त्यांचे मेइमेइआन हे गवती छपराचे चहाघर किल्ल्याच्या उत्तरेला आहे. संध्याकाळी सरोवराकाठच्या कला संग्रहालयापाशी सूर्यास्त पाहता येतो. मार्च ते सप्टेंबर ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होते.

शाकाहाऱ्यांसाठी इशारा. कुट्टूच्या पिठाच्या शेवया हा इथला मान, गोल डब्यांच्या थरांत वाढतात. दिसायला शाकाहारी, पण वरचा रस्सा वाळवलेल्या माशाच्या अर्काचा. सूपमध्ये सरोवरातले शिंपले असतात. "मासे नको" एवढे सांगून भागत नाही, कारण तिथल्या लोकांच्या लेखी अर्क म्हणजे मासा नव्हे. मांस, मासे, शिंपले आणि माशाचा अर्क नको, असे जपानी लिपीत छापलेले कार्ड जवळ ठेवावे. मीठ किंवा आंबट प्लमचा भातगोळा बहुतेक वेळा चालतो. पारंपरिक मिठाई तांदूळ, साखर आणि कडधान्याची. मात्र केकसारख्या किंवा पुरीसारख्या दिसणाऱ्या प्रकारांत अंडे असते.

पोहोचायचे तर ओकायामापर्यंत बुलेट ट्रेन आणि तिथून याकुमो गाडीने अडीच तासांच्या आसपास. तोकियोहून रात्रीची सनराईज इझुमो गाडी आहे, पण तिचे आरक्षण झटपट संपते आणि तिच्या खासगी डब्यांचे शुल्क रेल्वे पासात धरत नाहीत. सात दिवसांचा देशभरचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. एकदोन लांब प्रवासांसाठी तो परवडत नाही, त्या भागापुरता पास किंवा सुटी तिकिटे स्वस्त पडतात. गावात फिरणारी पर्यटक बस एकाच दिशेने वर्तुळ घेते, म्हणून एक थांबा चुकला तर मागे चालत येणे बरे.

सहल आयोजकाकडे नाव नोंदवण्याआधी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. यादीतला मनोरा मूळ लाकडी की काँक्रीटचा? तो सध्या आत जाण्यास खुला आहे का? किल्ल्याच्या गावात रात्रीचा मुक्काम आहे की नुसता थांबा? मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, गर्दी येण्याआधी, दारापाशी सोडणार का, आणि संध्याकाळपर्यंत मोकळे ठेवणार का? शेवटच्या दोन्हींना "नाही" असे उत्तर आले, तर तो किल्ला यादीतून काढायला सांगून तेवढा वेळ दुसऱ्या गावात वाढवून घ्यावा. दहा-बारा जणांचा गट असला की आयोजक असा बदल सहसा मान्य करतात, मात्र हॉटेलांची आरक्षणे होण्यापूर्वी सांगावे लागते.

आपले विश्वासू,
काही दुर्गअभ्यासक, सातारा